जुन्या घराच्या जोत्यावर मेटल डिटेक्टर: मुंबईकर नवख्यांसाठी मार्गदर्शक

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये माणूस हिरव्या कुरणात शिरतो, दहा मिनिटांत चांदीचं नाणं काढतो आणि खिशात टाकून घरी जातो. ते पाहून यंत्र मागवणाऱ्यांची इथे दोनदा फसगत होते. तिथली माती आपल्याकडे नाही आणि तिथला कायदाही नाही. मुंबईचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा, दोन्हींत लोह ठासून भरलेलं. तिकडे वीतभर खोल नाणं ओळखणारं यंत्र इथे चार बोटांवरच गोंधळतं. आणि खिशात टाकायचं म्हणाल, तर १८७८ सालचा एक कायदा मध्ये उभा आहे.

हे मार्गदर्शन एका ठरावीक जागेपुरतं आहे: स्वतःच्या किंवा घरच्यांच्या मालकीचं जुनं घर, त्याचं अंगण, परसू आणि पडलेलं जोतं. मग ते मुंबईतल्या एखाद्या गावठाणातलं असो, गोराई-मनोरी-उत्तनकडचं असो, वसईच्या वाडीतलं असो, नाहीतर गणपतीला उघडणारं कोकणातलं घर असो. चौपाटी, मैदान, किल्ला, लेणी, जंगल यातलं काहीही यात येत नाही.

आधी कागद

पहिलं काम जागेची यादी तपासण्याचं. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा निषिद्ध पट्टा आणि त्यापुढचे २०० मीटर हा नियंत्रित पट्टा. हे पट्टे मुख्यतः बांधकामासाठी आखले आहेत, पण घर त्यात येत असेल तर यंत्र बाहेरच काढू नका. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, मंडपेश्वर ही लेणी, घारापुरी आणि वसईचा किल्ला केंद्राच्या यादीत आहेत. शिवडीच्या किल्ल्यासारख्या काही जागा राज्याच्या यादीत आहेत. वसई किल्ल्याच्या तटालगत घर असणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

संरक्षित नसलेल्या जागेवरही ‘पुरातत्त्वीय उत्खनन’ हा शब्द जपून वापरायचा. १९५८ च्या स्मारक कायद्यानुसार अशा उत्खननाला केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय राज्य सरकारही परवानगी देऊ शकत नाही. म्हणून आपली मर्यादा स्वतःच आखून घ्या. आधीच हललेली वरची माती, म्हणजे बागेची, पडलेल्या भिंतीच्या मलब्याची, जोतं दुरुस्तीला उकरल्यावर निघालेली, एवढीच आपली. खाली न हललेला थर, खापरांची रांग, चुन्याची जमीन किंवा विटांची ओळ दिसली की हात थांबवायचा, फोटो काढायचा, माती परत लोटायची आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचं.

दुसरा कागद मालकीचा. मुंबईत मालमत्ता पत्रक, गावी सातबारा. त्यावर आठ नावं असतील तर आठही जणांची लेखी संमती घ्या. साध्या कागदावर चालते. तारीख, गट क्रमांक किंवा नगर भूमापनाचा (सीटीएस) क्रमांक, ‘वरच्या मातीत यंत्राने शोध घेण्यास हरकत नाही’ हे वाक्य आणि सापडलेल्या वस्तूचं काय करायचं ते, इतकं पुरे. धाकट्या काकांना ‘नंतर सांगू’ म्हणून पुढे जाऊ नका. तांब्याचा एक पैसा निघाला तरी भाऊबंदकीत त्याचा हंडा व्हायला एक संध्याकाळ पुरते.

तिसरी गोष्ट भारतीय निखात निधी कायदा, १८७८. त्यातली ‘निधी’ची व्याख्या फार मोठी आहे: जमिनीत दडलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. वस्तू काय आहे, अंदाजे किंमत किती, कुठे सापडली आणि कोणत्या तारखेला, हे चार मुद्दे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपयांची मर्यादा एकोणिसाव्या शतकातली आहे आणि आज जवळपास कुठलंही जुनं नाणं ती ओलांडतं. चौकशीनंतर निधी बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. कळवलं नाही तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे ध्यानात ठेवा. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. उत्तन ठाणे जिल्ह्यात, वसई पालघरमध्ये.

याशिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला ‘आठवण’ म्हणून पाठवण्याआधी हे आठवा.

शेवटचं म्हणजे शेजारी. यंत्र घेऊन जमीन हुंगणारा माणूस दिसला की आपल्याकडे एकच शब्द उठतो: गुप्तधन. गावात पोलीस पाटलांना आणि सरपंचांना, मुंबईत जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवा आणि संमतीपत्राची प्रत खिशात बाळगा. काम दिवसाउजेडीच करा. रात्री टॉर्च घेऊन परसात खणणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

यंत्र कोणतं

बाजारात ‘पन्नास मीटरवरून सोनं दाखवणारं’ लांब पल्ल्याचं यंत्र विकतात. दोन अँटेना, चमकता पडदा आणि लाखांत किंमत. तसं यंत्र नसतंच. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला जमिनीतलं धन दिसतं, या समजुतीचंच ते बॅटरीवर चालणारं रूप आहे. आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे त्या वर्तुळातल्या ‘जाणकारां’पासून चार हात लांब राहा.

खरं यंत्र कॉइलच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तबकडीच्या, खाली फार तर हातभर पाहतं. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत प्रवाह उठतो, त्याचं उलट क्षेत्र कॉइल पकडते. घराच्या जागेसाठी व्हीएलएफ (अगदी कमी वारंवारितेवर चालणारं) प्रकारचंच घ्या. पल्स इंडक्शन यंत्रं लोहयुक्त मातीला कमी भितात हे खरं, पण लोखंड आणि तांबं यातला फरक ती धड सांगत नाहीत. जुन्या घराच्या जोत्यात खिळेच खिळे असतात. संध्याकाळपर्यंत किलोभर गंज उपसून तुम्ही यंत्र विकायला काढाल.

व्हीएलएफमध्ये शक्य असेल तर एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारं घ्या. मायनलॅबच्या व्हँक्विश आणि इक्विनॉक्स मालिका त्यातल्या. एका वारंवारितेचं घेणार असाल तर हाताने ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला यंत्राला शिकवणं, करता येतो का ते आधी विचारा. गॅरेटच्या एस ४०० मध्ये तो कारखान्यातच पक्का केलेला आहे. मऊ काळ्या मातीत ते छान चालतं, जांभ्यावर मात्र अडतं. नोक्टाच्या सिम्प्लेक्समध्ये बटण दाबून बॅलन्स करता येतो, म्हणून तेवढ्याच पैशांत कोकणासाठी ते बरं.

कॉइल डीडी (आत इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेली) हवी, आणि मोठी नको. बरोबर येणारी २८ सेंटीमीटरची कॉइल मोकळ्या शेतासाठी ठीक. जोत्यावर १५ सेंटीमीटरच्या आसपासची छोटी कॉइल जास्त कामाची, कारण ती एका वेळी थोडी माती पाहते. म्हणजे लोहाचा गोंगाटही थोडा आणि दोन खिळ्यांमधलं नाणंही वेगळं ऐकू येतं.

सोबत पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी, घ्याच. तो नसेल तर अर्धा वेळ मातीची ढेकळं चाचपण्यात जातो. बाकी सामान घरचं: खुरपं, छोटी पहार, गोणपाट, घमेलं, सुतळीचा गुंडा, मीटर टेप, चुंबक, झिपच्या पिशव्या, मार्कर पेन. हेडफोनही घ्या. आवाज तुम्हाला बारीक ऐकू येतो आणि बघ्यांना ऐकूच येत नाही.

मातीशी जुळवून घेणं

नवखे सर्वांत जास्त इथेच हरतात.

सुरुवात धातू नसलेल्या एक फूट जागेपासून. ऑल मेटल मोडवर (यात यंत्र सगळेच धातू ऐकवतं) कॉइल फिरवा आणि आवाज न येणारी जागा शोधा. जोत्यावर ती सापडत नसेल तर कुंपणाकडे जा, माती तीच असते. मग बॅलन्सचं बटण दाबून कॉइल जमिनीपासून साधारण ३० सेंटीमीटरवरून ३ सेंटीमीटरपर्यंत सावकाश खालीवर करा. खाली नेताना आणि वर घेताना आवाज सारखा झाला की बटण सोडा. अंगणातून परसात गेलात तर पुन्हा करा, कारण अंगणात वर्षानुवर्षं बाहेरून आणलेली माती चोपलेली असते.

जांभ्यावर सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवायचा मोह आवरा. ती वाढवली की यंत्र मातीलाच जास्त ऐकतं. कमालीच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि कॉइल स्थिर असताना बडबड सुरू होते त्याच्या एक पायरी खाली थांबा. कमी सेन्सिटिव्हिटीवर खोली वाढलेली पाहून नवख्यांना नवल वाटतं, पण लाल मातीत हे नेहमीचं आहे.

तीन खोटे आवाज ओळखायला शिका. एक, जांभ्याचे सुटे गोटे आणि काळ्या दगडाचे धोंडे. यांचा आवाज पसरट, मध्य न सापडणारा, आणि कॉइल चार बोटं उचलली की विरून जाणारा. दोन, कौलं आणि विटा. भाजताना मातीतलं लोह चुंबकीय होतं, त्यामुळे फुटक्या कौलांचा ढीग यंत्राला धातूसारखा वाटतो. आधी कौलं हाताने उचलून बाजूला करा. तीन, वीज. मुंबईत हा त्रास फार. लोकलच्या ओव्हरहेड तारा, मोबाइल टॉवर, शेजारच्या एलईडी दिव्यांची माळ. कॉइल हवेत स्थिर धरूनही यंत्र किलबिलत असेल तर दोष मातीचा नाही. नॉइज कॅन्सल चालवा आणि खिशातला मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

गोराई-उत्तनकडे खाडीलगतच्या खारट ओल्या मातीत तिसराच खेळ. मीठ वीज वाहून नेतं, म्हणून एका वारंवारितेचं यंत्र पावलोपावली खोटं बोलतं. तिथे अनेक वारंवारितांचंच यंत्र, किंवा माती पूर्ण सुकेपर्यंत थांबणं.

हंगाम म्हणाल तर दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत. माती ओलसर असते आणि खुरपं आत जातं. मार्चनंतर जांभ्याची माती पहारीलाही दाद देत नाही, आणि पहारीने नाणं वाचत नाही. पावसाळ्यानंतर गवत मात्र कमरेएवढं असतं. ते आदल्या दिवशी कापून घ्या, पायात घोट्यावर येणारे बूट घाला, पडक्या भिंतीच्या फटीत हात घालू नका. फुरसं दगडासारखंच दिसतं.

पहिल्या दिवशी काही शोधूच नका. त्याच मातीत ओळखीच्या वस्तू पुरून पाहा: तांब्याचा जुना पैसा, चांदीचं जोडवं, खिळा, औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. प्रत्येक वस्तू ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर. कोणती कुठे पुरली ते काडी खोचून लिहा आणि यंत्राचा आवाज व पडद्यावरचा आकडा टिपून ठेवा. यंत्रासोबतच्या पुस्तकातले आकडे साध्या मातीचे असतात, तुमच्या परसाचे नसतात. १५ वरचा पैसा ऐकूच आला नाही तर यंत्र बिघडलेलं नाही. तुमच्या मातीची मर्यादा कळली, इतकंच. काम संपलं की सगळं मोजून परत काढा.

जागा वाचायची कशी

घर पडलं तरी त्याचा आराखडा जमिनीवर राहतो. जोत्याचा दगड, उंबऱ्याची जागा, तुळशी वृंदावन, विहीर, गोठा, न्हाणीचा उतार हे आधी कागदावर काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तो कागद दाखवा. दार कुठे होतं, पायवाट कुठून होती, दिवाळीत फराळाला सगळे कुठे बसायचे, हे त्यांच्याकडून मिळतं ते कुठल्याही नकाशातून मिळत नाही. मुंबई शहरासाठी मात्र नकाशेही उत्तम आहेत. १८६५ ते १८७२ या काळात लाफ्टन यांनी केलेल्या मोजणीत घराघराची आखणी आहे. काळा घोड्याजवळच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात जुने नकाशे आणि महसुली कागद पाहायची सोय आहे.

सर्वांत फळणारी जागा म्हणजे पागोळीची रेघ. छपराचं पाणी वर्षानुवर्षं एकाच ओळीत पडून चर होतो आणि ओटीवरून घरंगळलेली नाणी, बटणं, जोडवी त्या चरात अडकतात. छप्पर आज नसलं तरी जोत्याच्या कडेपासून दीड-दोन हात बाहेर ही रेघ सापडते. त्याखालोखाल दारासमोरची पायवाट, विहिरीचा काठ आणि अंगणातल्या मोठ्या झाडाची सावली, कारण माणसं तिथे टेकतात. माजघरात काही मिळेल ही कल्पना चुकीची. शेणाने सारवलेली जमीन रोज झाडली जायची.

काही जागा सोडायच्या. उंबऱ्याखाली आणि पायाच्या कोपऱ्यात पायाभरणीच्या वेळी नाणं, पंचधातू ठेवायची रीत आहे. यंत्र तिथे हमखास गोड आवाज देतं, पण ते नाणं हरवलेलं नाही, दिलेलं आहे. तुळशी वृंदावन, देवळी, घरचा देवचार (राखणदार) यांच्या जागांचंही तेच. गावठाणांतले क्रूस, ज्यातले पुष्कळ १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले, त्यांच्या चौथऱ्याभोवती कॉइलसुद्धा फिरवू नका.

मुंबईच्या भरणीबद्दल एक सूचना. शहराचा मोठा भाग खाड्या आणि खोलगट जागा बुजवून तयार झाला आहे. तिथल्या मातीत सापडलेलं नाणं मातीबरोबर दुसरीकडून आलेलं असू शकतं, त्यावरून घराचं वय ठरवू नका. आणि इमारतीच्या आवारात वीजवाहिनी, गॅसची पाइपलाइन, पाण्याचा नळ जमिनीखाली असतो, तिथे यंत्र लावलं तरी खणायचं नाही.

कॉइल फिरवणं आणि ऐकणं

सुतळीने दोन दोन मीटरचे चौकोन पाडा आणि त्यांना अ१, अ२ अशी नावं द्या. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर. दोन्ही टोकांना ती झुल्यासारखी वर उचलली जाते, नवख्यांची ही सर्वांत मोठी खोड. उचललेल्या प्रत्येक इंचाने खोली घटते. डावीकडून उजवीकडे एक फेर साधारण दीड सेकंदाचा, पुढचा फेर आधीच्यावर निम्मा चढलेला. चौकोन पूर्ण झाला की काटकोनात वळून तोच पुन्हा.

डिस्क्रिमिनेशन लावून लोखंड गप्प करावंसं वाटतं, पण जोत्यावर तसं करू नका. लोखंड नुसतं बारीक घुरघुरत राहील असं ठेवा. पूर्ण गप्प केलं तर खिळ्याशेजारचं तांबंही त्याच्याबरोबर झाकलं जातं, आणि जिथे खिळे दाट तिथेच वस्ती दाट.

कोणताही आवाज आला की काटकोनात वळून पुन्हा ऐका. दोन्ही दिशांनी तोच स्वर, तोच आकडा, तर खणण्याजोगा. एका दिशेने घंटा आणि दुसऱ्या दिशेने घरघर, तर बहुधा वाकलेला खिळा किंवा विळ्याचं पातं. मोठं चपटं लोखंड, पत्रा किंवा बैलाच्या खुराची पत्री, भल्याभल्यांना चकवतं, पण त्याचा आवाज कॉइल हातभर उचलली तरी टिकतो. नाण्याचा तसा टिकत नाही.

आपल्याकडचा खास कचरा म्हणजे गोळ्यांची पाकिटं, सिगारेटची चांदी, बाटल्यांची झाकणं आणि अ‍ॅल्युमिनियमचे पैसे. १९६४-६५ पासून आलेले एक, दोन, तीन पैसे आणि नंतरचे पाच, दहा, वीस पैसे यांचा सूर पाकिटाच्या सुराजवळच लागतो. १९०७ पासूनचा लाटदार कडेचा एक आणा तांबं-निकेलचा, तोही त्याच पट्ट्यात. म्हणजे कचऱ्याचा आकडा टाळला की आणाही टळला. १९८८ नंतरची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात आणि यंत्र त्यांना बहुतेक वेळा लोखंड समजतं. १९४७ चा निकेलचा रुपयाही चुंबकाला चिकटतो, तो गंजका तुकडा समजून फेकू नका.

खणणं

आधी यंत्राच्या पिनपॉइंट मोडने आवाजाचा मध्य गाठा. गवत असेल तर तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवा आणि झडप उलटा. कापताना मध्यापासून किमान एक वीत लांबून कापा. नाण्यावर खुरप्याचा ओरखडा पडतो तो घाईने मध्यावरच टोचल्यामुळे. निघालेली माती गोणपाटावर, भोवताली विखरायची नाही. खड्डा आणि गोणपाट दोन्ही पिनपॉइंटरने तपासा. वस्तू बाहेर आल्यावरही खड्डा पुन्हा एकदा ऐका. नाण्याखाली नाणं असतं, विशेषतः पागोळीत.

एक वीत खोली ही हद्द. तिथेही काही नाही आणि आवाज कायम असेल तर ती मोठी वस्तू आहे किंवा माती फसवते आहे. दोन्ही बाबतीत थांबणंच बरं. एकाच जागी पाच-दहा नाणी एकत्र दिसली, मडक्याचा काठ दिसला, तर काहीही उचलू नका. जसं आहे तसा फोटो काढा, ओलं गोणपाट झाका आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. मडकं उपसून घरी नेलं की ते कोणी, कधी, का पुरलं याचा अर्धा पुरावा खड्ड्यातच जातो.

बंदराच्या बाजूच्या जुन्या जागांसाठी वेगळा इशारा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. त्यावर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, सोन्याच्या विटाही होत्या. विटांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, तोफगोळ्यांच्या नसतात. लांबट, गंजलेलं, एका टोकाला पितळी कडं असलेलं काही दिसलं तर खरवडू नका, हलवू नका. सगळ्यांना मागे घ्या आणि ११२ ला फोन करा. जुनी काडतुसं सापडली तर तीही घरी नेऊ नका, पोलिसांना सांगा.

हातात आलेली वस्तू

वजनकाटा जवळ ठेवा, ०.०१ ग्रॅम मोजणारा. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतर राणीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. पाव आणा, म्हणजे एक पैसा, १८३५ चा ६.४८ ग्रॅम आणि अर्धा आणा, आजोबांचा ढब्बू पैसा, १२.९५ ग्रॅम. मातीत झिजून थोडं कमी भरतं. शिवराई जाडजूड, काठ वेडावाकडा, आणि साचा नाण्याहून मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ यातली दोन-तीन अक्षरंच हाती लागतात. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा घरोघरी निघतो, त्याने फार हरखू नका.

नाण्यांहून घराची गोष्ट जास्त सांगतात कडी-कोयंडे, किल्ल्या, खिळे. चौकोनी अंगाचे, हाताने ठोकलेले खिळे जुने, गोल तारेचे नंतरचे. कौलं धातूची नसली तरी एक ठसेवाला तुकडा जरूर ठेवा. बेसल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, म्हणजे मंगलोरी कौल ज्या थरात, तो थर त्यानंतरचा. स्टीलचे पन्नास पैसे ज्या मातीत मिळाले ती माती १९८८ नंतर हललेली आहे, मग शेजारी शिवराई का असेना.

म्हणूनच नोंद. वस्तू उचलण्यापूर्वी मीटर टेप शेजारी ठेवून फोटो, मग चौकोनाचं नाव, दोन कडांपासूनचं अंतर, खोली, मातीचा रंग, शेजारी काय होतं आणि तारीख. प्रत्येक वस्तूला क्रमांक, तोच पिशवीवर. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं पत्र या वहीतून पाच मिनिटांत तयार होतं. वही नसेल तर ते पत्र लिहिता येत नाही, आणि वस्तूही नुसती गंजकी धातू उरते.

घासू नका

चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, ब्रश यातलं काहीही नाही. तांब्यावरचा हिरवा-तपकिरी थर हा मळ नसतो, नाण्याचीच वरची कातडी असते. अक्षरं तिच्यात असतात. चिंचेने नाणं लखलखतं आणि वाचता येईनासं होतं. डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती बांबूच्या टोकदार काडीने काढा. न सुटलेली राहू द्या. लोखंड भिजवूच नका.

मुंबईची हवा ही पुढची अडचण. तांब्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येऊ लागली तर मातीतल्या क्षारांनी धातू आतून खायला सुरुवात केली आहे. ते नाणं बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळं करा. घट्ट झाकणाच्या डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल घाला, आत स्वस्त आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० टक्क्यांच्या खाली राखा. जेल ओलं झालं की रंग बदलतं, पुड्यावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरता येतं. मऊ पीव्हीसीच्या अल्बमात नाणी ठेवू नका, वर्षभरात त्यांवर हिरवट चिकटा येतो. सागवानी खण आणि वर्तमानपत्राचा कागदही नको, दोन्हींतून आम्ल सुटतं. पॉलिथिनच्या साध्या झिप पिशव्या पुरेशा आहेत.

उरलं लोखंड. दिवसाअखेर घमेलंभर निघतं आणि ते परत मातीत टाकलं की पुढच्या वेळी तेच पुन्हा वाजतं. प्रत्येक चौकोनातला एकेक बरा खिळा आणि ओळखू येणारं कडी-बिजागरं नोंदवून ठेवा. बाकीचा गंज, पत्रे आणि गोळ्यांची पाकिटं भंगारवाल्याला द्या, गवताच्या झडपा बसवून त्यांवर तांब्याभर पाणी घाला आणि सुतळी गुंडाळण्यापूर्वी झालेल्या चौकोनांवर वहीत फुली मारा.